शेवंतीचा शब्द, माझा कागद

अन्याय झाला तो इब्रामपूरच्या शेवंतीवर. गेल्या हंगामात, किंक्रांतीच्या दिवशी, सकाळी सव्वादहा वाजता. मांद्रे गावात समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक गेस्टहाऊस आहे, त्याच्या व्हरांड्यात. सात हंगाम तिथे खोल्या झाडणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या, पाहुण्यांना सकाळचा चहा नेऊन देणाऱ्या या बाईला एका इटालियन शब्दावरून पाच मिनिटांत घरी पाठवलं गेलं. साबण आणि तुवाल्यांची टोपली हातातून काढून घेतली, आणि बसला अजून दोन तास होते तरी फाटकाबाहेर उभं केलं.

मला पत्रक असंच सुरू करायला शिकवलंय. आधी नाव, मग वेळ, मग जागा. मग अन्याय करणारा कोण ते ठळक अक्षरात. तेव्हा मी ठळक अक्षरात गेस्टहाऊसच्या मालकाचं नाव लिहिलं होतं. त्यात एक नाव कमी होतं. ते माझं. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाच्या चार गमतीजमती लिहा" म्हणून सांगितलं, तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगितलं की गमती लिहीन, पण ही गोष्ट वगळणार नाही.

माझं काम काय, ते आधी सांगते. मी पेडण्याच्या किनाऱ्यावर राबणाऱ्या माणसांना स्पॅनिश आणि इटालियन शिकवते. पुस्तकातली भाषा मला स्वतःलाच येत नाही. मी शिकवते ती रस्त्यावरची. पाहुणे खुर्चीत सैलावल्यावर आपापसात बोलतात ती, पाणी गेलं की तोंडातून निघते ती.

मी डिचोली तालुक्यातल्या सुर्ल्याची. बाबा खनिजाच्या ट्रकवर होते. खाणी बंद झाल्या तेव्हा मी कॉलेजात होते आणि त्याच वर्षी संघटनेत शिरले. धुळीवर, ट्रकवाल्यांच्या कर्जावर, कोरड्या पडलेल्या विहिरींवर मी पत्रकं लिहिली. आमचे दादा, म्हणजे संघटनेतले वडीलधारे, माझी वाक्यं अर्ध्यावर तोडायचे. म्हणायचे, पत्रकात समजावत बसायचं नाही, ठोकायचं. मी ठोकायला शिकले. पण ठोकण्याने घरात भात शिजत नाही, म्हणून हंगामात हरमलला एका हॉटेलच्या किचनमध्ये भांडी घासायला लागले. तिथे एन्झो नावाचा इटालियन आचारी होता. त्याचं माझ्यावर फार मोठं ऋण आहे. तो सकाळपासून "दाय, दाय!" करत असायचा. दाय म्हणजे चल, आवर, हो, जाऊ दे ना, अरे देवा, असं काहीही. कुठलं ते त्याच्या भुवयांवरून ओळखायचं. त्याने मला कधी अर्थ सांगितला नाही. माझ्यादेखत तो शब्द शंभर वेळा शंभर जणांना म्हटला, एवढंच. शिकवण्याची खरी रीत तीच होती. ती माझ्या डोळ्यांसमोर चार हंगाम होती आणि वर्ग सुरू केल्यावर मी तीच विसरले.

वर्ग भरायचा सोमवारी दुपारी तीन ते पाच, मांद्र्यातल्या एका बंद पडलेल्या प्राथमिक शाळेत. गावाने किल्ली दिली, त्यासाठी गावाचे आभार. बाकं पहिलीच्या मुलांची. वेटर, आचाऱ्यांचे मदतनीस, खोल्या साफ करणाऱ्या बाया, मोटरसायकलवरून गिऱ्हाईक नेणारे पायलट, सगळे गुडघे छातीशी घेऊन बसायचे. निम्मे सावंतवाडी-दोडामार्गाकडचे, निम्मे पेडण्यातले. पोर्तुगीज गेले तरी आमच्या घरात त्यांचे शब्द राहिले आहेत, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळ्यांची छाती फुगलेली असते. आपण साबणाला साबाव म्हटलं की स्पॅनिश बाई मान डोलावते, मेज म्हटलं की तिला कळतं. दुसऱ्या सोमवारी ही हवा उतरते.

'बो' हा शब्दच घ्या. इटालियन माणसाला विचारा, जेवणार कधी? बो. उद्या कुठे जाणार? बो. म्हणजे 'कोण जाणे'. पण तोंडाने नुसतं बो म्हटलं तर काही होत नाही. खांदे वर, खालचा ओठ बाहेर, तळवे उघडे, आणि मग बो. पंचवीस मोठी माणसं पहिलीच्या बाकांवर बसून ओठ बाहेर काढतायत हे दृश्य खिडकीतून बघायला गावातल्या म्हाताऱ्या यायच्या.

विश्राम पायलट पन्नाशी ओलांडलेला माणूस. एक विशीतली स्पॅनिश मुलगी त्याच्या मागे बसली की 'तियो' म्हणायची. तियोचा अर्थ काका, असं मी सांगितल्यावर तो इतका खूश झाला की आठवडाभर तिला मोरजीपर्यंत गाडी हळू चालवत न्यायचा. म्हणाला, आपल्या पोरांपेक्षा ह्यांका मानपान कळता. पुढच्या सोमवारी तो तोंड पाडून आला. ती मुलगी आपल्या बरोबरीच्या मित्रालाही तियो म्हणते आणि मैत्रिणीला तिया, हे त्याने ऐकलं होतं. मला म्हणाला, "बाय, तू माका काको केलंस, आनी मी तर नुसतो 'अरे' निघालंय." वर्ग हसून लोटपोट. पण विश्रामने जे सांगितलं ते मी त्या दिवशी नीट ऐकलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

अर्जेंटिनाची मंडळी एकमेकांना 'बोलुदो' म्हणतात, उठता-बसता. अर्थ विचाराल तर मूर्ख, आणि त्याहून वाईट. ते मला वर्गाला समजावता येईना. तेव्हा मागच्या बाकावरून शेवंती म्हणाली, "आमी 'मेल्या' म्हणतो तसा." झालं, सगळ्यांना कळलं. पेडण्यात आजी नातवाला मेल्या म्हणते तेव्हा त्यात माया असते, आणि अनोळखी माणसाने म्हटलं तर हात उगारला जातो. कुठल्याही कोशात हे इतकं सरळ लिहिलेलं मी पाहिलं नाही.

ही शेवंती चाळिशीची. इब्रामपूरहून पहिल्या बसने पेडण्याला, तिथून दुसऱ्या बसने मांद्र्याला यायची. घरी सासू-सासरे, थोडी शेती, काजूची झाडं. वर्गात सगळ्यात कमी बोलायची आणि सगळ्यात जास्त लक्षात ठेवायची. 'मागारी' हा तिचा आवडता शब्द. इटालियन माणसाला विचारलं की सुट्टी वाढवणार का, तर तो उसासा टाकून मागारी म्हणतो. झालं तर बरं, पण कसलं होतंय, असं ते. शेवंतीने तो घरी नेला. सासूने विचारलं, यंदा काजू बरे लागतील काय, तर हिचं उत्तर मागारी. सासूही म्हणायला लागली म्हणे. इब्रामपूरच्या एका ओसरीवर इटालियन शब्द नांदतोय याचा मला जो गर्व झाला तो मी लपवणार नाही.

आता माझ्या कागदाकडे येते. हंगाम ऐन भरात आला की लोकांना सोमवारी सुटी मिळेना. म्हणून मी एक पिवळा कागद छापला. पत्रकाच्या मापाचा, घडी घालून खिशात मावेल असा. डावीकडे शब्द देवनागरीत, उजवीकडे मराठी अर्थ. साठ शब्द. समजावत बसायचं नाही, हा दादांचा धडा मी इथे लावला. 'दाय' समोर 'चला'. 'तियो' समोर 'काका, मित्र'. आणि 'के पाल्ले' समोर 'काय वैताग आहे!'

अर्थ बरोबर होता. बिछान्यावर ढेकूण निघाले, बस चुकली, पाऊस थांबेना, की इटालियन माणूस 'के पाल्ले' म्हणतो आणि त्याला म्हणायचं असतं ते हेच. पण त्यातला पाल्ले हा शब्द मुळात पुरुषाच्या एका अवयवाचा आहे. मित्र मित्रांत म्हणतात, पोरं आईबापांसमोर म्हणून बोलणी खातात. खोली साफ करणाऱ्या बाईने पाहुण्यांना म्हणायचा हा शब्द नव्हे. हे मला माहीत होतं. एन्झोच्या किचनमध्ये तो दिवसातून वीसदा ऐकला होता, आणि गिऱ्हाईक आत डोकावलं की एन्झो तो गिळायचा, हेही पाहिलं होतं. मी कागदावर लिहिलं नाही. जागा नव्हती, असं मी स्वतःला सांगत आले. जागा होती. तळाला मी संघटनेची घोषणा छापली होती.

किंक्रांतीच्या आधी तीन दिवस मांद्र्याची मोठी जलवाहिनी फुटली होती. गेस्टहाऊसमध्ये मारिसा नावाच्या इटालियन बाई उतरल्या होत्या, सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या खोलीत सकाळी पुन्हा पाणी नाही. त्या व्हरांड्यात कोरडा टॉवेल खांद्यावर टाकून हताश बसल्या होत्या. शेवंती चहा घेऊन गेली, कप ठेवला, त्यांच्याकडे बघून मान हलवली आणि मनापासून म्हणाली, "के पाल्ले."

पलीकडच्या टेबलावरचा एक तरुण पाहुणा खदखदून हसला. मालकांनी विचारलं, काय झालं? त्याने हसत हसत सांगितलं. मालकांनी फोन काढला, शब्द टाकला, आणि फोनने सुट्या शब्दाचा जो सरळ अर्थ दाखवायचा तो दाखवला. मालक देवभोळे, नाकासमोर चालणारे. आपल्या घरी उतरलेल्या म्हाताऱ्या बाईंना आपल्याच कामवालीने असं म्हटलं, याने ते लालबुंद झाले. शेवंतीला 'पात्रांव, ऐका तरी' एवढंही पुरं म्हणू दिलं नाही. मारिसाबाईंना मात्र कुणीच काही विचारलं नाही.

मीही विचारलं नाही. हेच मला लिहायचंय.

विश्रामने मला फोनवर बातमी दिली, आणि संध्याकाळच्या आत माझं पत्रक तयार होतं. मांद्रे, हरमल, मोरजी, पेडण्याचा बसस्टँड, सगळीकडे वाटलं. 'इब्रामपूरच्या कष्टकरी भगिनीवर अन्याय.' मालकाचं नाव ठळक. आणि मधे एक ओळ: 'उच्चारलेला शब्द संपूर्णपणे निरुपद्रवी आहे.' ही ओळ खोटी होती आणि लिहिताना मला ते ठाऊक होतं. मालकांकडे फोन होता, तिथल्या निम्म्या वेटरांकडे फोन होता. सगळ्यांनी शब्द शोधला. खोटी ओळ सापडल्यावर बाकीचं पत्रक कोण वाचणार? मालक आपसूक खरे ठरले.

दोन दिवसांनी मी इब्रामपूरला गेले. सोबत पत्रकाच्या दहा प्रती, शाबासकी मिळेल या अपेक्षेने. शेवंती अंगणात काजूच्या झाडाखालचा पाचोळा ओढत होती. सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेल्या. शेवंतीने हातातलं काम थांबवलं नाही. मी बोलत होते, ती पाचोळा ओढत होती. मग कुणाचा तरी हात लागून मळलेली एक प्रत तिने कमरेच्या पिशवीतून काढली आणि माझ्या समोर धरली.

"माजा नाव छापूच्या आदी माका इचारलंस काय गो?"

मी म्हटलं, तुझ्यासाठीच तर लढतेय.

"पात्रांवान माजी लाज मांद्र्यात काडल्यान. तू ती गावात काडलंस. मी घाण शब्द बोललंय ह्या हंय कोणाक खबर नाय होता. आता बसचो कंडक्टर इचारता, शेवंती, काय गो म्हटलंस ता?"

संघटनेत मला आठ वर्षं झाली. पोलिसांनी दरडावलंय, खाणमालकांच्या माणसांनी गाडी आडवी घातलीये. तेव्हा मी हटले नव्हते. आता मात्र मी आणलेल्या दहाही प्रती पिशवीत परत कोंबल्या. तिने मला पाणी दिलं, बसवलं, आणि मग जे सांगितलं त्यावर माझा आजचा सगळा धंदा उभा आहे. म्हणाली, तुझ्या कागदार अर्थ आसा. कोणी कोणाक म्हणूचा, ता खंय आसा? काय शब्द कानात ठेवचे आसतत, काय तोंडात. तू सगळे एका टोपल्यात भरलंस.

दुसऱ्या दिवशी मी मारिसाबाईंना भेटले. त्या अजून तिथेच होत्या. त्या सकाळची बोलाचाली त्यांना आपल्या भाषेतली म्हणून कळली नव्हती, आणि त्यांना वाटत होतं की शेवंती सणाला घरी गेलीय. मी सगळं सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग फार गंभीर झाल्या. त्यांनी जे म्हटलं ते मी शक्य तितकं तसंच देते. "हा शब्द बोलले म्हणून मी मुलांना वर्गाबाहेर उभं केलंय. चाळीस वर्षं. पण तीन दिवस अंघोळ नसताना तो शब्द इतका बरोबर जागी पडला की मला वाटलं, इथे एका माणसाला तरी माझे हाल कळले." त्या उठल्या आणि मला घेऊन मालकांकडे गेल्या.

मालकांबद्दलही आज मला नीट लिहायचंय. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. माझं पत्रक टेबलावर होतं, त्याच्यावर त्यांनी चहाचा कप ठेवला, पण फेकून दिलं नव्हतं. ते म्हणाले, ह्या बाईंक राग नाय आयलो हो ह्यांचो मोठेपणा. उद्यां दुसऱ्या गिरायकाक म्हटला तर मी काय सांगू? कागद माझा होता. मी तो त्यांच्या समोर ठेवला, के पाल्लेच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, तिने कागदाप्रमाणे केलं, चूक माझी. त्यांनी चष्मा लावून साठही शब्द वाचले. मग म्हणाले, तिला परत घेतो, पण मागे, कपडे धुण्याच्या शेडात. पाहुण्यांसमोर नको.

मला वाटलं, जिंकलो. परत इब्रामपूर. शेवंतीने ऐकलं आणि नको म्हणाली. मी खूप समजावलं. सावलीतलं काम आहे, पगार तोच. ती म्हणाली, "सात वर्सां मी फुडल्या दारान गेलंय. आता मागल्या दारान गेलंय तर चूक माजी म्हणान मीच सांगलंय तसा. चूक माजी नाय."

तेव्हा मी दुसरं पत्रक लिहायला बसले. पहिलं पत्रक मागे घेणारं. दादांनी विरोध केला. म्हणाले, पत्रक मागे घेतलं की पुढच्या वेळी लोक हसतील. मी म्हटलं, हसू दे. त्यांच्याशी माझं हे पहिलं भांडण, आणि त्यांनीच शेवटी छपाईला माणूस दिला, हेही नोंदवते. दुसऱ्या पत्रकात ठळक अक्षरात माझं नाव होतं. शब्द सभ्य नाही हे होतं, मी ते लपवलं हे होतं, शेवंतीने माझ्या कागदावर विश्वास ठेवला हे होतं. छापण्याआधी मी ते तिला वाचून दाखवलं. तिने दोन ठिकाणी 'बिचारी' शब्द काढायला लावला. पहिलं पत्रक जिथे जिथे लावलं होतं, त्याच भिंतींवर, त्याच चहाच्या गाड्यांवर, पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, दुकानात, मी स्वतः जाऊन हे लावलं. मालकांनी एक प्रत मागून घेतली आणि आपल्या व्हरांड्यात चिकटवली. पण निर्णय बदलला नाही.

यंदा माझा कागद तीन रकान्यांचा आहे. शब्द, अर्थ, आणि 'कोण कोणाला'. ज्याच्यापुढे कानाची खूण आहे तो फक्त ऐकायचा. ज्याच्यापुढे तोंडाची खूण तो बोलायचा. तिसरा रकाना भरायला मी एकटी बसत नाही. सोमवारी शेवंती येते, अजून दोन बसा बदलून, विश्राम येतो, सगळे भांडतात, मग एक ओळ लिहिली जाते. साठ शब्दांचे चौतीस उरले. हंगाम संपून मारिसाबाई गेल्या तेव्हा त्यांनी सगळे इटालियन शब्द तपासून दिले, लाल शाईने, मास्तरीणबाईंना शोभेल तसे. एन्झोने दिलेले शब्द, विश्रामने दिलेली शंका, शेवंतीने दिलेला रकाना. मी शिकवते म्हणजे एवढंच, की ह्या लोकांकडून मिळालेलं पुढे देते. त्याबद्दल मला फार बरं वाटतं आणि थोडी लाजही वाटते.

पण शेवंतीचं काम अजून गेलेलंच आहे. काजूचा हंगाम तिने काढला, पावसात लावणी केली. किनाऱ्यावर दोन ठिकाणी विचारून झालं. दोन्हीकडे, ती पत्रकवाली ना, असं म्हणून नकार आला. पत्रकवाली मी आहे. तिने आयुष्यात एक ओळ छापलेली नाही.

हा लेख छापण्याआधी मी तिला विचारलं. तिचं नाव घालू का, गावाचं घालू का, शब्द घालू का. तिने तिन्हीला हो म्हटलं, आणि वर सांगितलं की माका काम होया ता पण घाल.

तेव्हा वाचकहो, मोरजी, मांद्रे, हरमल, केरी, जिथे कुठे तुमच्या खोल्या आहेत आणि हा अंक तुमच्या काउंटरवर पडलेला आहे, त्या तुम्हाला सांगते. तुळशीचं लग्न झालं की तुम्ही खोल्या धुऊन काढाल आणि माणसं शोधाल. सोमवारी दुपारी तीनला मांद्र्याच्या जुन्या शाळेत या. माझ्याशी बोलू नका. मागच्या बाकावर शेवंती बसलेली असेल, तिच्याशी बोला. तिला काम द्या. पाहुण्यांना सकाळचा चहा नेऊन देण्याचं काम, पुढच्या दाराने.